बाहेर वचन, आत मोकळीक

लिनक्सवाल्यांवर एक जुना आरोप आहे. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही मंडळी जिवाचे रान करतात, मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीच काय घोडे मारले? नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती येते, आतली फंक्शने बदललेली असतात आणि ज्याचा ड्रायव्हर मूळ कोडबाहेर आहे तो पुन्हा डागडुजीला बसतो. आतले इंटरफेसही एकदाचे कायम करून टाका, असे आरोप करणाऱ्यांचे म्हणणे.

त्रास खरा आहे, मागणी मात्र चुकीची. 'बिग कर्नेल लॉक'चेच पाहा. एका वेळी एकाच प्रोसेसरला आत येऊ देणारे हे कुलूप अनेक प्रोसेसरांच्या काळात अडसर ठरले. ते टप्प्याटप्प्याने उपटत 2011 मध्ये पुरते काढले. ड्रायव्हरवाल्यांना त्याचे कायमचे वचन दिले असते, तर ते आजही तिथेच लटकत असते. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा शेड्यूलरही 2007 मध्ये बदलला, 2023 मध्ये पुन्हा बदलला. फाइल उघडणाऱ्या, वाचणाऱ्या प्रोग्रामला यातल्या कशासाठीही स्वतःचा कोड बदलावा लागला नाही.

बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेले न मोडण्याचे वचन किती महाग पडते तेही पाहावे. एआरएम प्रोसेसरांवर, कर्नेल आपली माहिती जिथे प्रोग्रामांना दाखवतो त्या 'प्रॉक'मधल्या सीपीयूच्या माहितीत 'बोगोमिप्स' नावाचा आकडा दिसे. वेग मोजायला तो निरुपयोगी, म्हणून काढला. पण काही प्रोग्राम तो वाचत होते, ते अडखळले. 2015 मध्ये आकडा मुकाट्याने परत आला. बाहेर दाखवलेला एक निरर्थक आकडासुद्धा मागे घेता येत नाही, मग आतली हजारो फंक्शने कोण आणि किती वर्षे सांभाळणार? आतल्या-बाहेरच्या इंटरफेसच्या व्याख्या एकाच हेडर फाइलीत कोंबण्याची जुनी सवय 2012 मध्ये 3.7 आवृत्तीत मोडली आणि बाहेरच्यांसाठी 'यूएपीआय' हे वेगळे दालन झाले, ते म्हणूनच योग्य झाले.

यावर अँड्रॉइडचा दाखला देतात: गूगलने कर्नेल आणि त्याला जोडली जाणारी ड्रायव्हरची मॉड्यूल यांच्यातला इंटरफेस स्थिर केलाच ना? केला, पण कर्नेलच्या त्या त्या शाखेपुरता. पुढच्या शाखेत तो बदलतो. म्हणजे ही मुदतीची सोय झाली, कायमचे वचन नव्हे.

तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्या चिप कंपन्यांनी इंटरफेस गोठवण्याचा हट्ट सोडावा आणि ड्रायव्हरचा कोड मूळ कर्नेलमध्ये द्यावा. तिथे आतले फंक्शन जो बदलतो, त्यालाच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावे लागतात.