वेष्टनावरची विशेषणे

संहितेतल्या एकेका शब्दाचा कीस काढणारे आम्ही साहित्याचे लोक. पण मोटारीसाठी फोनचा चार्जर घेताना 'सुपरफास्ट' या एका विशेषणावर भाळतो, याची आम्हांस लाज वाटते. विशेषणातून वीज वाहत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढेच खरे. मुळात सिगारेट पेटवण्यासाठी केलेल्या त्या १२ व्होल्टच्या खोबणीत ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर खोचला की फोनला मिळतात अवघे ५ वॅट. नकाशा चालू आणि पडदा उजळ असेल तर जोडलेल्या फोनचीही बॅटरी उतरत जाते, आणि रात्री अनोळखी घाटात वाट दाखवणाराच डोळे मिटतो. ९ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे २७ वॅट. तेही फोनला झेपत असतील तरच.

सर्वांत लबाड शब्द 'एकूण'. ठळक अक्षरांत 'एकूण ३८ वॅट'. बारीक टंकात एका छिद्राला २०, दुसऱ्याला १८. याला खोटे म्हणता येत नाही, हीच त्यातली चलाखी! संदिग्धतेचे कौतुक कवितेपुरते ठेवावे. आम्ही बारीक टंकालाच मूळ संहिता मानतो, आणि जिथे तो छापलेलाच नाही तो चार्जर दुकानातच ठेवून येतो.