मालीश करणाऱ्या हातांचे काय?

आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला मालीश करून न्हाऊ घालणाऱ्या एक मावशी आहेत. वय साठीच्या आसपास. गेली काही वर्षे त्या वर्षातून तीन-चार वेळा माझ्या दवाखान्यात येत. तक्रार ठरलेली. "डॉक्टरीणबाई, रात्री हाताला मुंग्या येतात, झोप मोडते. गोळी द्या." मी गोळी लिहून देत असे आणि आठ दिवस हाताला विश्रांती द्या, असेही सांगत असे. त्या मान हलवून निघून जात. आठ दिवस हात थांबला तर घरात चूल कशी पेटायची, हे त्या कधी बोलल्या नाहीत; मीही कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या बाळंतपणात याच मावशी आमच्याकडे येऊ लागल्या आणि त्यांचे काम मी प्रथमच जवळून पाहिले. मुलगी जमिनीवर सतरंजीवर पालथी झोपलेली. मावशी गुडघ्यांवर बसून, कमरेत पूर्ण वाकून, दोन्ही अंगठ्यांनी तिची पाठ रगडत होत्या. हे पाऊण तास. मग पाय पसरून पाटावर बसायचे, बाळाला पायांवर घेऊन चोळायचे, न्हाऊ घालायचे. त्याआधी कढत पाण्याची बादली उचलून न्हाणीघरात न्यायची ती वेगळीच. आमचे घर त्यांचे सकाळपासूनचे तिसरे. अजून एक बाकी होते. आणि "मावशी, कमरेला जरा जोर लावा हं," असे दारातून सांगणारी मीच होते! त्यांच्या हाताला गोळी देणारीही मीच.

वाचकहो, मालीश घेणाऱ्याला काय फायदा होतो, यावर आपण पुष्कळ वाचतो. देणाऱ्याच्या शरीराचे काय होते, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून आज त्याविषयी लिहिते.

पहिला बळी अंगठा. चिमटीत आपण १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, असे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. चार घरी, रोज, अंगठ्याच्या टोकाने रगडणाऱ्या बाईचा हा सांधा लवकर झिजला तर नवल नाही. अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे जाणाऱ्या कंडरांच्या वेष्टनालाही सूज येते. या आजाराचे वर्णन १८९५ साली डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने केले. बाळाला वारंवार उचलणाऱ्या नव्या आईलाही तो होतो. म्हणजे मालीश करणारी आणि करून घेणारी, दोघींचे दुखणे कधी कधी एकच असते.

दुसरे मनगट. तिथे हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून जोर लावला की बोगद्यातला दाब वाढतो आणि मज्जातंतू चेपला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी बहुधा सुटते. त्रास रात्री वाढतो आणि हात झटकला की बरे वाटते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मावशींना हेच झाले होते. तिसरी कंबर. वाकून, पाठीला बाक काढून तासन्‌तास काम केल्यावर तिने तक्रार केली नाही तरच आश्चर्य.

यावर उपाय आहेत आणि बहुतेक बिनखर्चाचे आहेत. मालीश करणाऱ्या भगिनींनी व बंधूंनी पुढील गोष्टी जरूर कराव्यात.

अंगठ्याचे टोक कमीत कमी वापरावे. मोठ्या स्नायूंसाठी तळहाताची टाच किंवा कोपरापुढचा हात वापरावा. अंगठा लावायचाच तर दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. मनगट शक्यतो सरळ ठेवावे. जोर हाताचा नको, अंगाच्या वजनाचा हवा. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभे राहावे आणि शरीर पुढे झुकवावे, म्हणजे वजन आपोआप उतरते. तेल कोमट आणि पुरेसे घ्यावे; कोरड्या अंगावर हात ओढावा लागतो. दोन घरांमध्ये थोडा वेळ तरी हात मोकळे सोडावेत, बोटे ताणून सैल करावीत. अवघड मालीश पाठोपाठ घेऊ नये. हाताला जखम किंवा चिरा असतील तर त्या भरेपर्यंत काम थांबवावे.

मुंग्यांनी रात्री जाग येणे, हातातून वस्तू सुटणे, अंगठ्याच्या मुळाशी मांस कमी दिसू लागणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. मधुमेह आणि थायरॉईडच्या विकारातही असाच त्रास होतो. म्हणून त्या तपासण्या करून घ्याव्यात. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनही बऱ्याच जणांना आराम पडतो. गरज पडल्यास इंजेक्शन आणि शेवटी छोटी शस्त्रक्रिया असते. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणे मात्र जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. ही सगळी काळजी एकट्या मावशींनी घ्यावी, असे सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. जमिनीवर सतरंजी आपण अंथरतो. "जोर लावा" आपण म्हणतो. एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत की पैसे आपण कापतो. पंचकर्माच्या चिकित्सेत तेल लावण्याची द्रोणी उंचावर असते आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही बाजूंना एकेक परिचारक उभा राहतो. म्हणजे उभ्याने, वाटून काम करण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. घरी येणाऱ्या बाईला मात्र आपण ती देत नाही.

काही जण म्हणतील, अहो, आमच्या आजीच्या वेळेपासून असेच चालले आहे. चालले असेल, त्या वेळच्या मालीशवाल्या बायकांची मनगटे कोणी तपासली होती? शिवाय जोर म्हणजे गुण नव्हे. अंग सैल व्हायला हवे, ठेचून निघायला नको. बाळाला तर हलका हातच योग्य.

मग घरच्यांनी काय करावे? बाळंतिणीसाठी भक्कम कॉट किंवा टेबल द्यावे. मावशी ताठ उभ्या राहून हात खाली सोडून मूठ वळतील, त्या मुठीच्या उंचीवर झोपणाऱ्याचे अंग यावे. बाळाला उंचावर ठेवू नये, तेलाने ते निसटते. त्यासाठी मावशींना भिंतीला पाठ टेकून बसू द्यावे. पाण्याची बादली घरातल्या कोणी उचलावी. आणि सव्वा महिन्याच्या ठरावात आठवड्यातून एक भरपगारी सुटी धरावी.

आमच्या घरी मी जुनी लाकडी कॉट काढली आणि तिचे पाय पक्क्या ठोकळ्यांवर चढवले. पहिल्या दिवशी मावशी बिचकल्या. उभ्याने हात बसेना. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, कंबर आहे का नाही तेच कळंना आज!" रात्री पट्टी बांधायला लागल्यापासून मुंग्या कमी आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. अंगठ्याचा झिजलेला सांधा तर परत येणार नाही. चारपैकी एक घर त्यांनी सोडले. त्या घराचे पैसे बुडाले, ते मी कोणत्या गोळीने भरून देऊ?

बाकीच्या दोन घरी अजून सतरंजीच आहे. त्या घरचे हे सदर वाचत असतील, अशी आशा आहे.