गवताखालचं ठाणं
स्कॉटलंडमधल्या ब्रॅको गावाशेजारी आर्डॉखचं रोमन ठाणं बघायला जाणाऱ्याला एकही दगडी बुरूज सापडत नाही. आधी दिसतं ते नुसतं गवत. मग जमीन लाटेसारखी वरखाली होऊ लागते आणि उमगतं, की पाय खंदकात आहेत. पूर्व आणि उत्तर बाजूंना एकामागोमाग एक असे तब्बल पाच खंदक! पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी हे ठाणं उभारलं, दुसऱ्या शतकात पुन्हा वसवलं. तट मातीचा, बराकी लाकडी. लाकूड कुजलं, माती टिकली. इथे सापडलेल्या एका थडग्याच्या शिळेवर सत्तावीस वर्षं चाकरी केलेल्या आमोनियस नावाच्या शतपतीची नोंद आहे. तुकडी स्पॅनिश लोकांच्या नावाची, मुक्काम मात्र या गारठ्यात. ती शिळा आता ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. १७५५ मध्ये विल्यम रॉय या लष्करी सर्वेक्षकाने या तटबंदीचा नकाशा काढला. गंमत म्हणजे, त्याच शतकात ब्रिटिश सैन्याने बांधलेला रस्ता याच तटबंदीचा कोपरा कापत गेला. भेट द्यायची तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात द्यावी. भर दुपारी सावल्या आखडतात आणि पाचांतले दोन खंदक तरी नजरेतून निसटतात.