त्याला जुगाड म्हणू नका!

'जुगाड' हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. घनसावंगीच्या एखाद्या गॅरेजात मिस्त्रीने अपघाती पिकअपचं डिझेल इंजिन काढून दुसऱ्या पिकअपला बसवलं, की आमचा पुण्यातला भाचा त्याचा फोटो बघून म्हणणार, "मामा, काय जुगाड आहे!" कौतुकानेच म्हणतो बिचारा. पण मंडळी, हा त्या मिस्त्रीचा अपमान आहे. नुसता अपमान असता तरी सोडून दिलं असतं. या शब्दामुळे नुकसान होतं, आणि ते गाडीमालकाचं होतं. कसं ते सांगतो.

आधी ते काम काय असतं ते बघा. समोरून धडकलेली गाडी असेल तर मिस्त्री पंखा, रेडिएटर, क्रँकची पुली आणि माउंटिंग तपासतो. पलटी झालेली असेल तर प्रश्न वेगळा. आडव्या पडलेल्या इंजिनात चेंबरमधलं ऑइल सिलिंडरमध्ये चढलेलं असू शकतं. तसाच सेल्फ मारला तर पिस्टन ऑइलवर आदळतो, ऑइल काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी नोझल काढतो, इंजिन हाताने फिरवतो, मगच बॅटरी जोडतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. इंजिन चालू झालं की ऑइलचं झाकण उघडून 'बॅक कॉम्प्रेशन' बघायचं. तिथून भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या. इंजिन कॉमन रेलचं असेल तर ईसीएम आणि वायरिंगही सोबत आणावं लागतं. नुसता लोखंडाचा गोळा आणून भागत नाही.

यात जुगाड कुठे आहे? हे निदान आहे! डॉक्टरने केलं की आपण त्याला प्रत्यारोपण म्हणतो आणि पेढे वाटतो.

बरं, एकाचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत ही कल्पना तरी गॅरेजवाल्यांची आहे का? महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि तिचं डिझेल इंजिन आपल्या जीपला बसवलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन परवान्यावर बनवून मॅटाडोरला दिलं. आपल्यातले कितीतरी जण त्या जीपमध्ये नि मॅटाडोरमध्ये बसूनच लग्नाला गेलेत. कंपनीने केलं की 'तांत्रिक सहकार्य', मिस्त्रीने केलं की 'जुगाड'. वा रे न्याय!

अर्थात कंपनीकडे चाचण्या होत्या, मंजुरी होती, कागद होते. मला नेमकं तेच म्हणायचंय. फरक कौशल्याचा कमी आणि कागदाचा जास्त आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम ५२ बघा. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची, बदलल्यावर १४ दिवसांत कळवायचं आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. याच कलमात एक गंमत आहे. ज्याच्याकडे किमान १० मालवाहू किंवा प्रवासी व्यावसायिक गाड्या आहेत, त्याला राज्य सरकार अधिसूचना काढून सवलत देऊ शकतं, की त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन परवानगीशिवाय बसव, मग कळव. म्हणजे दहा गाड्यांच्या शेठवर विश्वास ठेवता येतो, पण कर्जाच्या एका पिकअपमधून मोसंबी जालन्याला नेणाऱ्या पोराने खेपा बुडवून आधी आरटीओ गाठायचं. गरज कोणाला जास्त आहे हो?

या कटकटीला कंटाळून पुष्कळ जण नोंदच करत नाहीत. "चालतंय की, जुगाड आहे!" आणि इथेच तो शब्द घात करतो. इंजिनावरचा नंबर एक आणि आरसीवरचा दुसरा. नाक्यावर तपासणीत सापडलं तर चोरीच्या मालाचा संशय आलाच. अपघात झाला तर विमा कंपनीला भांडायला मुद्दा मिळतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी ठाण्यात उभी राहते, हप्ता मात्र उभा राहत नाही.

काही जण म्हणतील, जुनी इंजिनं वितळवलेलीच बरी, धूर तरी थांबेल. जालन्याच्या सळईच्या भट्ट्या भंगारावर चालतात, तेव्हा गिऱ्हाईक तयारच आहे. पण त्याच पिढीचं, त्याच प्रकारचं धडधाकट इंजिन थकलेल्या इंजिनाच्या जागी आलं तर धूर कमी होतो, वाढत नाही. चांगलं चालणारं इंजिन किलोवर विकणं म्हणजे दुभती म्हैस खाटकाला देणं. हां, बीएस-६ गाडीत जुनं बीएस-३ इंजिन कोंबणारा मिस्त्री मात्र माझ्या पक्षातला नाही. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय आणि ते मला मान्य आहे.

२०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि परदेशातल्या मॅनेजमेंटवाल्यांनाही हा शब्द गोड लागला. आपल्या गैरसोयीचं कौतुक दुसऱ्याने करावं आणि आपण फुलून जावं, याला काय म्हणायचं? कौतुक पुरे. त्यापेक्षा सोय द्या. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत कळवायचंच असतं. त्याच वेळी तपासून लिहून द्या, की अमुक नंबरचं इंजिन पुन्हा वापरायला मोकळं आहे. आणि बदललेल्या इंजिनाची पाहणी व नोंद तालुक्याला, आरटीओच्या शिबिरातच करा. २०२१ च्या भंगार धोरणात गाडी मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीला सवलत मिळते. गाडीच्या मरणाचा दाखला देता, मग तिच्या जिवंत इंजिनाला दाखला द्यायला काय हरकत आहे?

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या घरात ज्यांच्या पिकअप आहेत त्यांनी एवढं करा. विकणाऱ्याच्या आरसीची प्रत घ्या, इंजिनावरचा नंबर स्वतः पुसून वाचा, पक्की पावती मागा, आणि इंजिन उतरवायच्या आधी परवानगीचा अर्ज द्या. आणि मिस्त्रीला मजुरी देताना घासाघीस कमी करा. त्याने जुगाड केलेलं नाही, काम केलंय.