सिग्नल मोजल्याशिवाय तक्रार बंद करू नका

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली यांस,

केबलच्या ग्राहकाने सिग्नलची तक्रार केली की उत्तर ठरलेले: बॉक्स बंद करा, थोड्या वेळाने चालू करा. तो तसे करतो. चित्र पुन्हा चौकटी-चौकटींनी फुटते, आवाज तुटतो, आणि तक्रार मात्र कागदोपत्री निकाली निघालेली असते. मुंबईत डिजिटल केबलची सक्ती ३१ ऑक्टोबर २०१२ पासून आहे, पुणे-नागपूर-सोलापूरला ३१ मार्च २०१३ पासून. एवढ्या वर्षांत हे उत्तर बदललेले नाही.

ग्राहकाच्या भिंतीपाशी सिग्नल किती पोचतो, हे तक्रारीनंतर क्वचितच कोणी मीटर लावून पाहते. सगळा राग याच गोष्टीचा आहे.

जुन्या अ‍ॅनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये मर्यादेच्या थोडे वर असेपर्यंत चित्र स्वच्छ. थोडे खाली गेले की काहीच नाही. म्हणून इथे एकेक डेसिबल मोलाचा असतो. दोन टीव्हींसाठी लावलेला साधा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात. वीस मीटर चांगल्या वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीला आणखी चारेक डेसिबल जातात. त्यात ऑपरेटरने जास्त वाहिन्या बसवण्यासाठी ६४ क्वाम ही सिग्नल भरण्याची (मॉड्युलेशनची) पद्धत सोडून जास्त दाटीची २५६ क्वाम घेतली, तर तेवढ्याच खात्रीने चित्र दिसायला सुमारे सहा डेसिबल जादा लागतात. पावसाळ्यात जोडात पाणी शिरते, गंज धरतो, ते वेगळेच. एका फ्रिक्वेन्सीवर डझनभर वाहिन्या एकत्र येतात. त्यामुळे एक गठ्ठाच गायब झाला आणि बाकीच्या नीट दिसत असल्या, तर दोष बहुधा लाइनमध्ये शोधावा लागतो. बॉक्स बंद-चालू करून गंजलेला जोड दुरुस्त होत नाही.

आणि पैसे कशाचे घेतले जातात? नेटवर्क क्षमता शुल्काचे. २०१९ पासून ठरावीक संख्येच्या वाहिन्यांपर्यंत त्याची कमाल मर्यादा दरमहा १३० रुपये होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, सशुल्क वाहिन्यांचे दाम वेगळे. जुलै २०२४ मध्ये आपण ती मर्यादाही उठवलीत. नेटवर्कच्या नावाने पैसे घेण्याची मोकळीक ऑपरेटरला मिळाली. ते नेटवर्क घरापर्यंत नीट पोचते का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकाच्याच गळ्यात राहिली.

आपल्याच २०१२ च्या नियमावलीने ‘सिग्नल नाही’ अशा किमान ९० टक्के तक्रारी २४ तासांत सोडवायला सांगितले होते. पण तक्रार सुटली असे कोणी ठरवायचे? ज्याच्याविरुद्ध ती आहे, त्यानेच. आपल्याकडे दाद मागावी, तर वैयक्तिक तक्रारी आपण सोडवत नाही. ग्राहक पुन्हा त्याच ऑपरेटरच्या दारात उभा राहतो. नियामकाने अशी पाठ फिरवणे अन्यायाचे आहे.

आता मागणी. सिग्नलची प्रत्येक तक्रार बंद करण्यापूर्वी ग्राहकाच्या घरातल्या शेवटच्या जोडापाशी सिग्नलची पातळी आणि गुणवत्ता मोजावी, दोन्ही आकडे तक्रार क्रमांकासह त्याला एसएमएसने कळवावेत, आणि त्याच्या संमतीशिवाय तक्रार बंद होऊ नये. दोष घराबाहेरच्या वायरीत, टॅपमध्ये किंवा गच्चीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निघाला, तर दुरुस्तीचा एक रुपयाही रहिवाशांकडून घेऊ नये. जितके दिवस पडदा काळा राहिला, तितक्या दिवसांचे शुल्क पुढच्या बिलातून, अर्ज न मागता, वजा व्हावे.