मधले महिने

ख्रिस्ती मंडळीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी चार रविवार मोजायचे. त्यांतला पहिला, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येणारा, हा आगमनकाळाचा रविवार. तोच त्यांचा पाडवा. तो आला की बंगळूरमधल्या बनशंकरीच्या गल्ल्यांमधून कागदी तारे लटकू लागतील, कॅरलवाले गिटार घेऊन रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरतील, आणि आपण शेजारीपाजारी म्हणू, "यंदा चर्चला गर्दी बरीच दिसते हो!" गर्दी खरीच वाढते आहे. पण मंडळी वाढली की नुसती गर्दी वाढली, याचा निकाल डिसेंबरात लागत नसतो. तो जुलै-ऑगस्टात लागतो, जेव्हा सण नसतो, पाऊस असतो आणि घरात कुणीतरी आजारी असतं.

बनशंकरी हे नाव देवीचं. मूळ ठाणं बदामीजवळ चोळचगुड्डला, आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. इथलं कनकपुरा रस्त्यावरचं देऊळ १९१५ सालचं. मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायकांची रांग लागते. देऊळ झालं तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. पुढे बंगळूर विकास प्राधिकरणाचे, म्हणजे बीडीएचे, ले-आउट पडले, वस्ती एकेक स्टेज करत दक्षिणेला सरकली, २०१७ च्या जूनमध्ये मेट्रो आली. देवी बदामीहून आली तशीच माणसं चहूकडून आली आणि आपापली उपासना बरोबर घेऊन आली. त्यांत मंगळूरचे कोकणी कॅथलिक आहेत, तमिळ आणि तेलुगू ख्रिस्ती आहेत, केरळच्या नर्स आहेत, मिझोराम-नागालँडची मुलं आहेत. आणि या पानाच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण बेळगावचे, कोल्हापूरचे, नगरचे, वसईचे मराठी ख्रिस्तीही आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते, कर्नाटकात ११.४ लाख. नोकरीसाठी नगरहून बंगळूरला येणारा माणूस ख्रिस्ती असू शकतो, हे आपल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवी डोक्यात सहसा येत नाही. म्हणून मुद्दाम सांगितलं.

बंगळूरची जुनी, नाव असलेली चर्चं पेठेत आणि कॅन्टोन्मेंटात. हडसन मेमोरियल १९०४ चं, अॅव्हेन्यू रोडवर राइस मेमोरियल, शिवाजीनगरला सेंट मेरी बॅसिलिका. दक्षिणेकडच्या नव्या वस्त्यांत एवढी जागा कुणाला? बीडीए शाळा, दवाखाने, देवळं अशा सोयींसाठी 'सीए साइट' राखून ठेवतं आणि नोंदणीकृत संस्थांना भाडेपट्ट्यानं देतं, पण ती मिळवायला पैसा लागतो, ओळख लागते, वर्षानुवर्षं थांबायची तयारी लागते. नव्या मंडळीकडे यातलं काहीच नसतं. मग ती शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्यानं घेते.

अशा हॉलात रविवारी सकाळी सातला जाऊन बघावं. फळ्यावर शनिवारचं गणित तसंच असतं. दोघंतिघं बाकं भिंतीला सारतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, कीबोर्डची वायर टेपनं जमिनीला चिकटवतात, शिक्षकांच्या टेबलावर पांढरा कपडा घालून वेदी करतात. दुपारी एकला सगळं पुन्हा होतं तसं लावून, फळ्याला हात न लावता, किल्ली वॉचमनकडे. बावन्न रविवार हे चालतं. मंडळीच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्मे किती, दृढीकरण किती, दानार्पण किती याचे आकडे छापतात; खुर्च्या मांडणाऱ्यांचा रकाना नसतो. माझ्या मते वाढीचा सगळ्यात खरा आकडा तोच आहे. गेल्या वर्षी जो माणूस मागच्या रांगेत परका होऊन बसायचा, तो यंदा सातला येऊन खुर्च्या मांडतो का?

सणांचं काही अवघड नाही. नाताळ होतो, ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना होते. वेस्लियन परंपरेतल्या मंडळ्या वर्षारंभी देवाशी केलेला करार नव्यानं म्हणतात, १७५५ मध्ये जॉन वेस्लीनं घालून दिलेली ही रीत. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या बायका एकाच दिवशी प्रार्थनेला जमतात, आणि दर वर्षी एका देशातल्या बायकांनी त्या उपासनेचा मजकूर लिहिलेला असतो. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं, पुनरुत्थानाची पहाट. मग मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची सुट्टीतली बायबलशाळा, म्हणजे व्हीबीएस, जिला शेजारच्या सगळ्या धर्मांची पोरं गाणी आणि खाऊ यांच्या ओढीनं जातात. पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. इथवर उत्साहावर निभतं.

पुढे वेदीवर हिरवं वस्त्र चढतं ते जवळजवळ निम्मं वर्ष उतरत नाही. हेच मधले महिने. या दिवसांत पाळकाचा फोन वाजतो तो वेगळ्याच कारणांनी. पीजीमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलीला डेंग्यू झालाय, प्लेटलेट उतरल्यात, रात्री दवाखान्यात कोण बसणार? कंपनीनं चौघांना एकाच दिवशी घरी पाठवलं, त्यांतल्या एकाच्या घराचा हप्ता थकलाय. आणि मृत्यू. बंगळूरसारख्या शहरात ख्रिस्ती माणसाचं मरण ही जागेची अडचण असते. होसूर रस्त्यावरची जुनी दफनभूमी भरून गेलेली. कुटुंबाची जुनी कबर असेल तर ती उघडून तिच्यातच दफन करायचं. जो कालपरवा या शहरात आला, त्याची जुनी कबर कुठून असणार? त्याच्या मागे मंडळी उभी राहते, पाळकाचं पत्र, समितीतल्या माणसांची धावपळ, अॅम्ब्युलन्सची सोय. ज्या मंडळीला हे जमलं ती वाढली. ज्या मंडळीला रविवारचा बँड उत्तम जमला आणि हे जमलं नाही, तिच्याबद्दल मला काळजी वाटते.

याच महिन्यांत एक दिवस मात्र मला फार आवडतो, तो हंगामाच्या उपकारस्तुतीचा. शेतकरी मंडळ्या पहिलं पीक वेदीसमोर आणत. अपार्टमेंटात राहणारे लोक कुठलं पीक आणणार? पण आणतात. कुणी बाल्कनीतल्या कुंडीतली मिरची, कुणी गावाकडच्या नारळांचं पोतं, कुणी घरी केलेला केक, कुणी सरळ बाजारातून आणलेला केळीचा घड. उपासना संपली की लिलाव. भोपळ्याची बोली शंभरापासून सुरू होते, दोन काका हट्टाला पेटतात, आठशेला भोपळा सुटतो. घेणारा तो उचलत नाही, "पुन्हा लावा," म्हणतो. पुन्हा बोली. तिसऱ्या खेपेला तो कुणा नव्या जोडप्याच्या हातात जातो आणि तेही लाजत लाजत पाचशे म्हणतात. त्या क्षणी ते जोडपं पाहुणं राहत नाही. मिझोरामच्या मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी बायका मूठभर तांदूळ बाजूला काढतात, १९१० पासूनची ही प्रथा, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळीची किती कामं चालतात! बाहेरच्या देणगीवर इमारत लवकर उभी राहते हे मान्य. पण भोपळ्याच्या आणि मुठीच्या पैशावर उभी राहणारी मंडळी कुणाची मिंधी नसते.

मराठी ख्रिस्ती मंडळीला हा धडा महागात शिकावा लागला. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं १८३१ मध्ये. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघालं. पुढच्या दुष्काळांत माणसं मोठ्या संख्येनं आली. शाळा झाल्या, दवाखाने झाले, तरी पगार मिशनचा आणि गाण्यांच्या चालीही बऱ्याचशा साहेबाच्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. त्यांनी ओवी, अभंग, कीर्तन हे सगळं उपासनेत आणलं. 'उपासना संगीत' हा गीतसंग्रह उघडून बघा, पानोपानी टिळक भेटतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, कारण ख्रिस्ताची मंडळी इथल्या मातीतल्या माणसांनी स्वतःच्या बळावर चालवावी हा त्यांचा आग्रह होता. दोन वर्षांत ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ही सगळी ओढाताण घराच्या आतून सांगितली आहे. सोवळं सुटतानाचा त्यांचा जो एकेक टप्पा आहे तो वाचल्यावर कळतं की मंडळीत माणूस येणं ही एका दिवसाची गोष्ट नाही, त्याला वर्षं लागतात.

पंडिता रमाबाई तर जन्मानं कर्नाटकातल्याच, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या, १८५८ च्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनची आध्यात्मिक जागृती १९०५ सालची म्हणून जगभर गाजली, ख्रिस्ती इतिहासाच्या पुस्तकांत तिला मोठं स्थान आहे. पण त्याच्या आधी नऊ-दहा वर्षं रमाबाई दुष्काळात उपाशी पडलेल्या मुली मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून आणत होत्या, त्यांच्यासाठी चुली पेटवत होत्या, विहिरी खणत होत्या, त्यांना विणकाम आणि छपाई शिकवत होत्या. आधी चूल, मग जागृती. हा क्रम विसरणाऱ्या मंडळ्यांचं मला नवल वाटतं.

आता बनशंकरीतली मराठी माणसं. नगरहून तिथल्या मंडळीचं पत्र घेऊन आलेला माणूस चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, जे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं. इथे भेटतं चर्च ऑफ साउथ इंडिया, २७ सप्टेंबर १९४७ चं. दोघांचा एकमेकांशी पूर्ण सहभाग असल्यानं प्रभुभोजनाला अडचण नाही. अडचण भाषेची. इंग्रजी उपासना सकाळी, कन्नड नंतर, तमिळ संध्याकाळी. या शहरात चर्चमधल्या भाषेवरून काय काय वाद झाले ते जुन्या बंगळूरकरांना विचारा. त्यामुळे चौथी-पाचवी भाषा काढायला पाळक कचरतात आणि सगळ्यांना इंग्रजी उपासनेत बसवतात. तरुणांचं भागतं. त्यांच्या आईचं काय? मुलानं नोकरीपायी बोलावून घेतलेली, नगरला आयुष्यभर 'उपासना संगीत' तोंडपाठ म्हणणारी बाई इथे इंग्रजी स्क्रीनसमोर दीड तास गप्प बसते. हजेरीपटावर ती एक आकडा आहे. मंडळीत ती आलेलीच नाही. यावर उपाय साधा आहे आणि काही ठिकाणी तो होतोही: बेळगावकडची कुटुंबं कन्नड-मराठी दोन्ही जाणतात, त्यांच्या घरी महिन्यातून एक प्रार्थनासभा मराठीत भरते. तिथे त्याच आजी टाळ मागून घेतात आणि आवाज लावतात. पाळकानं बसून ऐकावं, अर्थ नंतर विचारावा.

शेवटी आपल्याकडे, शेजाऱ्यांकडे. २००८ च्या सप्टेंबरात मंगळूर, उडुपी, चिकमगळूर भागांत चर्चांवर हल्ले झाले. २०२२ मध्ये कर्नाटकात धर्मांतरविरोधी कायदा झाला. धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, अशी त्यात तरतूद होती. २०२३ च्या जूनमध्ये पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कायद्यावर बाजूनं-विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. पण त्या काळात भाड्याच्या हॉलात वर्षानुवर्षं शांतपणे जमणाऱ्या लोकांवरही संशयाची नजर पडली, हॉलचे मालक कचरू लागले, हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं. फसवून किंवा धाक घालून कुणाचा धर्म बदलणं वाईटच. पण रविवारी खुर्च्या मांडणाऱ्या माणसाकडे त्या नजरेनं बघणं हा आपला कमीपणा आहे. ज्या मुलीच्या उशाशी रात्रभर मंडळीतली बाई बसली, ती आपल्याच मजल्यावर राहत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

बनशंकरीतल्या रहिवासी संघांच्या सर्वसाधारण सभा लवकरच होतील. कम्युनिटी हॉलच्या भाड्याचा विषय निघाला की वाढदिवसाला, भजनाला, योगवर्गाला जो दर तोच प्रार्थनासभेला लावावा, आणि नियमही तेच, आवाज दहाला बंद. महापालिकेकडे दक्षिण भागातल्या दफनभूमीच्या जागेसाठी अर्ज करायचा तर त्यावर शेजारच्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या सह्या असाव्यात. माझी असेल. आणि डिसेंबरात कॅरलवाले दारात आले तर त्यांना विचारा, तुमच्यात कुणी नगर-बेळगावचं आहे का. असेल तर एक मराठी गीत म्हणायला सांगा, आणि त्यांच्या आईला घेऊन या म्हणावं.