राजा भोज आणि गंगू तेली

'कोठे राजा भोज आणि कोठे गंगू तेली' ही म्हण उत्तर हिंदुस्थानाप्रमाणे आपल्याकडेही रूढ आहे. हा भोज म्हणजे माळव्यातील धारचा अकराव्या शतकातील परमार राजा. कोकणविजयाच्या निमित्ताने त्याने इ. स. १०२० मध्ये दिलेल्या दानांचे ताम्रपट उपलब्ध असल्यामुळे तो आपल्या किनाऱ्यालाही परका नाही. म्हणीतील गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, अशी एक उपपत्ती लोकांत सांगितली जाते. ती ग्राह्य धरली तर एक मौज ध्यानात येते. गांगेयदेव भोजाचा समकालीन खरा. परंतु तैलप हा भोज गादीवर येण्यापूर्वीच निवर्तला होता. त्याने पाडाव केला तो भोजाचा चुलता मुंज याचा. रणांगणात जी गाठ कधी पडलीच नाही, ती लोकांनी म्हणीत घालून दिली आणि निकालही देऊन टाकला!

भिन्न काळांतील थोरांची झुंज लावण्याची ही हौस सार्वत्रिक आहे. केसरबाई श्रेष्ठ की मोगूबाई, या वादात गोमंतकाने किती रात्री जागवल्या असतील! त्या दोघी निदान समकालीन तरी होत्या. १९७० साली अमेरिकेत मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो व महंमद अली यांचा सामना संगणकाच्या आधारे ठरवून चित्रपटगृहांत दाखविण्यात आला. मार्सियानो १९५६ मध्येच अपराजित राहून निवृत्त झाला होता, आणि चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९६९ मध्ये, विमान अपघातात मरण पावला होता. अमेरिकेतील प्रेक्षकांना तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला दिसला. युरोपात मात्र अलीच्या विजयाची आवृत्ती दाखविली गेली. यंत्राचा न्यायही गिऱ्हाईक पाहून बदलतो, हाच त्याचा अर्थ.

परंतु याहून बोचरी गोष्ट निराळीच आहे. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याबद्दल १९६७ पासून अलीला खऱ्या रिंगणाची दारे बंद होती. जिवंत योद्ध्याला खरी झुंज नाकारून समाज त्याची खोटी झुंज तिकीट काढून पाहत होता!

कुस्तीच्या क्षेत्रातही गामा मोठा की नंतरचे हिंदकेसरी, हा वाद संपत नाही. तो संपणारही नाही. गामा व झिबिस्को यांची १९१० मधील लंडनची कुस्ती जवळजवळ तीन तास चालून बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटभरातच अस्मान दाखविले. तेच दोन मल्ल, तरी निकालात एवढे अंतर. मग ज्यांची माती वेगळी, खुराक वेगळा, नियम वेगळे, त्यांचा निकाल कोण लावणार?

विचारण्याजोगा प्रश्न दुसराच आहे, आणि तो आपल्याला पुन्हा माळव्यातच नेतो. धारच्या पवारांचे भाऊबंद देवासला राज्य करीत. देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव हे राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र. १९४७ मध्ये ते दत्तक जाऊन शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले ते कोल्हापूर दरबारच्या साहाय्याने, आणि तेथे सहावे आले. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांना राहते घर सात हजार रुपयांस गहाण ठेवावे लागले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. कुस्तीतील पुढचे ऑलिंपिक पदक देशाला ५६ वर्षांनी, २००८ मध्ये सुशीलकुमारने मिळवून दिले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला.

सत्तावन्न किलो गटातील हा मल्ल गामापुढे टिकला असता काय, हे विचारणे पोरकटपणाचे आहे. विचारावयाचे ते हे, की १९४८ नंतर त्याच्या प्रवासखर्चाची जबाबदारी कोणाची होती? राजाश्रय संपला हे लोकशाहीला साजेसेच झाले. परंतु राजाची ती जागा लोकांनी घ्यावयास नको होती काय? ती एका शिक्षकाच्या घराने घेतली.

कट्ट्यावरचे वाद खुशाल रंगू द्यावेत. त्यांत पूर्वजांविषयी प्रेम असते. मात्र त्या प्रेमाचा काही अंश गावच्या तालमीतल्या पोराच्या वाट्याला आला पाहिजे. 'पूर्वीसारखे मल्ल आता कोठे?' असे म्हणणाऱ्याने एकदा तालमीत जाऊन पाहावे, की मॅट धड आहे काय, दूधबदाम कोण देतो, आणि स्पर्धेला जाण्याचे भाडे कोणाच्या खिशातून निघते. मेलेल्या मल्लांना आपला निकाल नको आहे. जिवंतांना मात्र आपली मदत हवी आहे.